इंजिनाखाली साचणारे पाणी नेमके कुठून येते, हे कसे शोधावे?

संथ लाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्या बोटीत चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवलेले आहे. इंजिनाच्या आत कूलंट फिरते आणि ते हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होते. नंतर तेच समुद्राचे पाणी एक्झॉस्टच्या एल्बोमध्ये (वाकलेल्या नळीत) धुरात मिसळून बाहेर पडते. गेल्या काही फेऱ्यांपासून इंजिनाखालच्या ट्रेमध्ये पाणी साचू लागले आहे. चार तास इंजिन चालवले तर सुमारे दोन लिटर पाणी निघते. बोट नुसती उभी असेल तर ट्रे कित्येक दिवस कोरडा राहतो. तापमानाचा काटा नेहमीच्याच जागी असतो आणि एक्झॉस्टमधून पडणाऱ्या पाण्याची धारही कमी झालेली नाही.

पाणी ट्रेच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या खाली साचते. एक्झॉस्टचा एल्बो त्याच बाजूला असून त्याच्या जोडावर गंजाचे पोपडे आहेत, त्यामुळे माझा पहिला संशय त्याच्यावर गेला. तरीही आधी स्वस्त उपाय करून पाहावा म्हणून एल्बोकडे जाणारा होज बदलला, दिसतील तेवढ्या सर्व क्लिप आवळल्या. फरक काहीच पडला नाही. त्यातच कूलंटच्या टाकीतील पातळीही बोटभर खाली गेलेली दिसली, त्यामुळे हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यांच्यावरचे हेड यांमधले सील) गेले की काय, अशीही शंका येते. एल्बो नवा घ्यावा, की हेड उघडावे लागेल? कोणता भाग आधी काढावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना पाना (उत्तर)

तूर्त कोणताही भाग काढू नका आणि विकतही आणू नका. आपण गळतीची जागा शोधण्याआधीच उपाय सुरू केलेला आहे. इंजिनाखालच्या पाण्याबाबत पहिला प्रश्न "कुठून" हा नसून "कोणते" हा असतो, कारण आपल्या इंजिनात दोन स्वतंत्र पाणी फिरतात आणि ट्रेमधले पाणी यांपैकी कोणते आहे हे कळले की निम्मे इंजिन आपोआप संशयातून बाहेर पडते.

ट्रे पुसून पूर्ण कोरडा करा, गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा पुसा, इंजिन चालवा आणि ताजे साचलेले पाणी स्वच्छ वाटीत घ्या. चव घेऊन पाहण्याची सवय अनेकांना असते. ती कृपया टाळा, कारण कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असते आणि ते विषारी आहे. त्यापेक्षा दहा मिलिलिटर पाणी काचेच्या बशीत ओतून उन्हात सुकू द्या. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एवढ्याशा पाण्यातूनही तृतीयांश ग्रॅम पांढरे मीठ मागे राहायला हवे आणि ते नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसते. कूलंट असेल तर बशीत चिकट, रंगीत, तेलकट हाताला लागेल असा थर उरतो आणि तो सहजासहजी सुकतही नाही.

दुसरी गोष्ट पाणी साचण्याच्या जागेची. बोटीतले इंजिन बहुतेक वेळा मागच्या बाजूला उतरते बसवलेले असते, कारण प्रोपेलरचा शाफ्ट खाली जात जात बोटीबाहेर पडतो. त्यामुळे अगदी पुढच्या टोकाला पडलेला थेंबही शेवटी गिअरबॉक्सखालीच येऊन थांबतो. पाणी मागे सापडले यावरून ते मागे गळते, असा निष्कर्ष काढता येत नाही. एल्बोच्या गंजाबद्दलही तेच. एल्बो फुटलेला असेल तर त्यातून पाण्याबरोबर धूरही निसटतो आणि जोडाभोवती काजळीचा काळा ओघळ उमटतो. नुसता तांबूस गंज असेल, तर दुसरीकडून उडालेले खारे पाणी त्याच्यावर पडत असण्याचीही शक्यता तितकीच आहे. काजळी दिसली तर मात्र ती क्षुल्लक समजू नका. त्या वाटेने कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येऊ शकतो.

इंजिनऑइलची काठी आजच काढून पाहा. तेल दुधाळ किंवा फिकट कॉफीच्या रंगाचे दिसले, म्हणजे त्यात पाणी मिसळलेले असेल, तर इंजिन सुरू करू नका आणि आधी येथे कळवा. तेल स्वच्छ असेल आणि काटा स्थिर असेल, तर हेड गॅस्केटची चिंता मी तरी शेवटच्या क्रमांकावर ठेवीन.

वल्हे (उत्तर)

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण मिठाच्या चाचणीला एक मर्यादा आहे. बोट नदीत किंवा तलावात चालत असेल तर दोन्ही बाजूंचे पाणी गोडेच असते आणि बशीत फारसे काही उरत नाही. अशा वेळी कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील प्रकाशाच्या टॉर्चने पाहणे अधिक उपयोगी पडते. प्रश्नकर्त्यांची बोट समुद्रात आहे, तेव्हा त्यांना याची गरज पडू नये.

गळती केव्हा होते, यातूनही बरेच कळते. कूलंटचा मार्ग इंजिन तापल्यावर दाबाखाली येतो आणि इंजिन बंद केल्यावरही बराच वेळ दाबाखाली राहतो, म्हणून कूलंटची गळती अनेकदा इंजिन थांबवल्यानंतरही चालू असते. समुद्राच्या पाण्याच्या मार्गात मात्र पंप फिरत असेल तेवढाच वेळ दाब असतो. त्यातही पंपाच्या अलीकडची आणि पलीकडची बाजू वेगळी वागते. सी-कॉकपासून (समुद्राचे पाणी बोटीत घेणाऱ्या झडपेपासून) पंपापर्यंतचा भाग पाण्याच्या पातळीखाली असेल, तर तेथील फट बोट उभी असतानाच गळते आणि इंजिन चालू असताना पाणी बाहेर टाकण्याऐवजी हवा आत ओढते. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडत आहे. म्हणून मीठ सापडले तर शोध पंपापासून एल्बोपर्यंतच घ्यावा, असे माझे मत आहे.

कूलंटची बाजू निर्दोष आहे की नाही, हे वेगळे तपासता येते. इंजिन पूर्ण थंड असताना टाकीचे झाकण काढून तेथे हातपंपाचा दाबमापक बसवा. झाकणावर जितका दाब कोरलेला असेल तितकाच द्या, हौसेने वाढवू नका. नाहीतर गळती नसलेल्या जागी ती निर्माण होईल. वीस मिनिटांत काटा हलला नाही तर ती बाजू सोडून द्यावी. गरम इंजिनाचे झाकण उघडण्याचा विचारही करू नये.

संथ लाट

दोघांचेही आभार. ऑइल स्वच्छ आहे. बशीतील पाणी दुपारपर्यंत सुकले आणि पांढऱ्या स्फटिकांचा जाड थर उरला, म्हणजे पाणी समुद्राचेच आहे. दाबमापक एका परिचितांकडून मिळाला. अर्धा तास लावून ठेवला तरी काटा जागचा हलला नाही. एल्बोच्या जोडावर काजळी अजिबात नाही.

इंजिन चालू असताना टॉर्च घेऊन पाहिले, पण थेंब नेमका कुठून निघतो ते दिसत नाही. इंजिनाच्या पुढच्या भागात जवळपास सगळेच ओले आहे. अल्टरनेटरच्या कंसावर, समोरच्या लाकडी फळीवर आणि एअर फिल्टरच्या डब्यावरसुद्धा खाऱ्या पाण्याचे शिंतोडे आहेत. इतक्या ठिकाणी एकदम गळती कशी असू शकते?

जुना पाना

इतक्या ठिकाणी गळती नसते. एका ठिकाणी गळते आणि फिरणारा एखादा भाग ते पाणी सगळीकडे उडवतो. समोरच्या फळीवरचे शिंतोडे एका सरळ उभ्या पट्ट्यात आहेत का, ते पाहा. तो पट्टा पट्ट्याच्या चाकाच्या रेषेत येत असेल (येथे "पट्टा" हा शब्द दोन अर्थांनी वापरावा लागला, त्याबद्दल क्षमस्व), तर पाणी क्रँकशाफ्टच्या पुलीवर पडत आहे आणि शोध पुलीच्या वर घ्यायचा आहे.

आता इंजिन बंद करून पुढचा सगळा भाग गोड्या पाण्याने पुसून घ्या, वाळू द्या आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. पंपाच्या खाली, पुलीला लागणार नाही अशा रीतीने, कोरड्या कागदाचा तुकडा चिकटवा. इंजिन दोनच मिनिटे चालवून बंद करा आणि पावडरमध्ये ओली रेघ कुठून सुरू होते ते पाहा. चालू इंजिनापाशी वाकून डोकावण्यापेक्षा हे अधिक सुरक्षित आहे, आणि अधिक अचूकही. वाहता थेंब नजरेला चकवतो, पावडरमधली रेघ चकवत नाही. सैल बाही, गळ्यातला रुमाल, मोकळे केस यांपैकी काहीही पट्ट्याजवळ नेऊ नका.

माझा अंदाज सांगतो, चुकला तर हसा. पंपाच्या मागच्या भागात, जेथे तो इंजिनाला जोडला जातो त्याच्या किंचित अलीकडे, पंपाच्या अंगाला खालच्या बाजूने एक लहान भोक किंवा खाच असते. ओली रेघ तेथून निघेल.

संथ लाट

अंदाज अचूक ठरला. फळीवरचा पट्टा पुलीच्या रेषेतच होता आणि पावडरमधली रेघ पंपाच्या पोटाखालच्या खाचेतून निघाली. आजवर ती खाच मला ओतकामातला दोष वाटत होती. गळती तेथूनच होत असेल, तर ती इपॉक्सीने भरून टाकली तर चालेल का? पंप काढण्यासाठी तेथे हात जेमतेम पोहोचतो, म्हणून विचारतो.

भरती-ओहोटी (उत्तर)

एरवी मी येथे फक्त वाचतो, पण हा शेवटचा प्रश्न वाचून राहवले नाही. ती खाच कृपया भरू नका.

आपला पंप गिअरवर चालणारा दिसतो. अशा पंपाच्या शाफ्टवर दोन सील असतात: एक पाण्याला अडवणारे, इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या रबरी पात्यांच्या चाकाच्या) मागे, आणि दुसरे इंजिनाच्या गिअरकेसमधील तेलाला अडवणारे. या दोहोंच्या मधली जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते आणि खाली ती खाच असते, ती एवढ्यासाठीच की कोणतेही एक सील खराब झाले तर गळणारा पदार्थ बाहेर पडावा आणि मालकाला कळावे. खाचेतून पाणी आले तर पाण्याचे सील गेले. तेल आले तर तेलाचे. दोन्ही आले तर दोन्ही. खाच बंद केली, तर पाण्याला बाहेर पडायला जागा उरणार नाही. ते बेअरिंगमध्ये शिरेल, तेलाच्या सीलवर साचून राहील आणि ते सील थकले की समुद्राचे पाणी थेट इंजिनऑइलमध्ये जाईल. आज काही सुट्या भागांवर भागणारे काम मग क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत जाऊन पोहोचते. माझ्या आधीच्या बोटीत ती खाच रंगाच्या थरांनी बुजलेली होती, आणि मला हे सगळे दुधाळ झालेल्या तेलावरून कळले.

जुना पाना

आता कामाचा क्रम सांगतो. सी-कॉक बंद करा आणि त्याच क्षणी इंजिनाची किल्ली काढून सी-कॉकच्या हँडलला अडकवा. कारण पुढे कळेल.

पंप जागेवर ठेवून सील बदलण्याचा खटाटोप करू नका. पंप पूर्ण काढून टेबलावर घ्या. समोरची झाकणपट्टी काढा, इम्पेलर त्याच्या ओढणीने बाहेर घ्या. दोन स्क्रूड्रायव्हरांनी उचकटला तर पंपाच्या पितळी अंगावर ओरखडे पडतात. इम्पेलरची पाती मोजा. एखाद्या पात्याचे टोक तुटलेले असेल, तर तो तुकडा नाहीसा झालेला नाही. तो बहुधा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि तो मिळेपर्यंत शोधावा लागतो. त्यानंतर सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी धातूची कडी) काढून शाफ्ट बेअरिंगसकट इंजिनाच्या बाजूने बाहेर येतो.

खरी तपासणी येथे आहे. शाफ्ट पुसून सीलची कड जेथे घासते तेथून नख फिरवा. नख अडकले तर शाफ्टवर खाच पडलेली आहे, आणि त्यावर नवे सील बसवले तरी ते काही तासांतच पुन्हा गळू लागेल. "सील बदलले तरी गळते" अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी ही एक पायरी गाळलेली असते. अशा वेळी नवा शाफ्ट घेणे उत्तम. ते शक्य नसेल तर शाफ्टवर चढवायची पातळ धातूची नळी मिळते. किंवा पंपात जागा असेल तर नवे सील मिलिमीटर-दीड मिलिमीटर पुढेमागे बसवावे, म्हणजे त्याची कड न झिजलेल्या भागावर येते.

सीलची दिशा नीट पाहा. ज्या बाजूला स्प्रिंग दिसते ती उघडी बाजू द्रवाकडे हवी. म्हणजे पाण्याच्या सीलची पाण्याकडे आणि तेलाच्या सीलची तेलाकडे. दोन्ही सील एकमेकांकडे पाठ करून बसतात. पाण्याच्या सीलमधली स्प्रिंग स्टेनलेस असावी, साधी स्प्रिंग खाऱ्या पाण्यात टिकत नाही. दोन सीलांच्या मध्ये शाफ्टवर एक लहानशी रबरी कडी असू शकते. ती उगाच ठेवलेली नाही. शाफ्टवरून सरकत आलेला थेंब ती बेअरिंगपाशी पोहोचण्याआधीच बाहेर फेकते. कडी जुन्या पंपातून घरंगळून हरवते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

बेअरिंग शाफ्टवर चढवताना दाब आतल्या कड्यावर द्यावा आणि पंपाच्या अंगात बसवताना बाहेरच्या कड्यावर. पाण्याने दोन लिटर गळती केली आहे, तेव्हा बेअरिंग हाताला गुळगुळीत वाटली तरी ती बदलाच. इम्पेलर बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावा, साधे ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगते. झाकणाखालचे गॅस्केट मूळ जाडीचेच हवे. जाड कागद कापून लावला तर इम्पेलर आणि झाकण यांत फट राहते आणि पंपाची ओढ कमी होते.

वल्हे

एक छोटी पुस्ती. बेअरिंग काढताना लागलेला मार अनेकदा पंपाच्या ओतीव अंगालाच बसतो. सभोवती गरम पाण्यात भिजवलेला कपडा दोन-तीनदा गुंडाळून अंग तापवले, तर बेअरिंग बरेच सोपे सुटते.

संथ लाट

काम झाले, पण सरळ रेषेत झाले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

शाफ्टवर नख स्पष्ट अडकत होते, तेव्हा नवा शाफ्ट, दोन्ही सील, दोन्ही बेअरिंग आणि इम्पेलर असा पूर्ण संच बसवला. जुन्या इम्पेलरच्या एका पात्याचा कोपरा गेलेला होता. तो हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशीच सापडला. रबरी कडी जुन्या पंपात नव्हतीच, म्हणजे आधी कुणीतरी ती गाळलेली होती.

किल्ली सी-कॉकला अडकवण्याचे कारण मला अनुभवाने कळले. मी ती अडकवलीच नव्हती. पंप बसवून झाल्याच्या आनंदात इंजिन सुरू केले आणि एक्झॉस्टमधून धार पडत नाही हे पाहिल्यावर लक्षात आले की सी-कॉक बंदच आहे. लगेच बंद केले, झाकण पुन्हा उघडून इम्पेलर तपासला. सुदैवाने तो शाबूत होता, पण आणखी मिनिटभर कोरडा फिरला असता तर पाती जळून गेली असती.

पंपाखालची खाच आता कोरडी आहे. तरीही चार तासांच्या फेरीत ट्रेमध्ये अर्धा कप पाणी निघाले आणि तेही खारेच. पुन्हा पावडर भुरभुरली. या वेळी रेघ हीट एक्स्चेंजरच्या टोकाला असलेल्या झिंकच्या प्लगपासून (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणाऱ्या) निघाली आणि प्लगभोवती हिरवट थर होता. तो प्लग मीच मागील हंगामात बदलला होता आणि गळू नये म्हणून त्याच्या आट्यांवर पांढरी टेप चांगली जाड गुंडाळली होती.

भरती-ओहोटी

त्या जाड टेपने दोन प्रकारे नुकसान केले आहे. आट्या तळापर्यंत बसल्या नाहीत, म्हणून गळती. आणि झिंक आपले काम करते ते हीट एक्स्चेंजरच्या धातूशी त्याचा विद्युत संपर्क असेल तरच, टेप त्या संपर्काच्या आड येते. मग झिंक झिजायचे थांबते आणि त्याच्याऐवजी महागडा भाग झिजू लागतो. प्लग काढून पाहा. हंगामभरानंतरही झिंक नवे कोरे दिसत असेल, तर ती आनंदाची बातमी नव्हे.

आट्या ब्रशने साफ करा, टेप न लावता प्लग बसवा, फार तर आट्यांच्या वरच्या टोकाला सीलंटचा पातळ थर द्या. मग मल्टिमीटरचे एक टोक प्लगला आणि दुसरे हीट एक्स्चेंजरच्या खरवडलेल्या उघड्या धातूला लावून रोध जवळपास शून्य येतो का ते पाहा. हीट एक्स्चेंजरमधील आट्याच कुरतडल्या गेल्या असतील, तर त्या पुन्हा कापून घ्याव्या लागतील.

संथ लाट

झिंक खरोखरच जवळजवळ नवे होते. आट्या सुदैवाने शाबूत निघाल्या. साफ करून नवा प्लग टेपशिवाय बसवला आणि मल्टिमीटर शून्याच्या आसपास दाखवतो. त्यानंतरच्या तीन फेऱ्यांत ट्रेमधला कोरा कागद कोराच राहिला.

एकच गोष्ट उरली: कूलंटची पातळी बोटभर खाली का गेली होती? दाबाच्या चाचणीत तर काहीच निघाले नाही.

जुना पाना

आपण टाकी काठोकाठ भरली होती का? भरली असेल तर तापल्यावर कूलंट प्रसरण पावते, जास्तीचे कूलंट झाकणातून बाहेर पडते आणि थंड झाल्यावर पातळी खाली दिसते. इंजिन थंड असताना आहे त्या पातळीवर टाकीवर मार्करने खूण करा आणि काही भरू नका.

संथ लाट

काठोकाठच भरली होती. खूण केल्याला आता पाच फेऱ्या झाल्या. थंड इंजिनात पातळी खुणेवरच आहे.